गुन्ह्यात नाव आलेल्या खेळाडूचं काय करायचं, ते नोंदणीआधी लिहून ठेवा

प्रति,
कोल्हापूर शहरातील फुटबॉल स्पर्धांचे संयोजक, संघटनांचे पदाधिकारी आणि तालीम मंडळांचे संघव्यवस्थापक यांस,

सप्रेम नमस्कार.

खेळाडू नोंदणीचे अर्ज छापायला जाण्याआधी नियमावलीत एक प्रकरण नीट लिहून घ्यावं, एवढ्यासाठी हे पत्र. ज्याच्यावर फौजदारी गुन्हा दाखल आहे त्याला खेळू द्यायचं का, थांबवायचं तर कधी आणि किती दिवस, आणि थांबवलं तर त्याच्या मानधनाचं काय, हा तो विषय. कट्ट्यावर या प्रश्नाची दोनच उत्तरं ऐकू येतात. "केस पडली ना, मग बसवा घरात," हे एक. "कोर्टानं शिक्षा दिली का? मग खेळणारच," हे दुसरं. आमच्या मते दोन्ही उत्तरं आपल्या मैदानावर टिकणारी नाहीत, आणि मधली रेघ कुठे ओढायची ते बऱ्यापैकी नेमकं सांगता येतं.

फिर्याद कशी लिहिली जाते ते डोळ्यांसमोर आणा, म्हणजे पहिल्या उत्तरातली खोट दिसेल. सामना संपलेला असतो. स्टेडियमच्या बाहेर दोन पेठांच्या समर्थकांत दगडफेक होते. रात्री अकराच्या सुमारास डोक्याला चार टाके पडलेला एकजण ठाण्यात येतो. अंमलदार विचारतो, कुणी मारलं? धुरळ्यात, अंधारात, दोनशे माणसांत त्याला ओळखू आलेला चेहरा एकच असतो, कारण तो चेहरा त्यानं दुपारी नव्वद मिनिटं बघितलेला असतो. "दहा नंबरवाला होता की, साहेब." फिर्यादीत खेळाडूचं नाव पहिलं येतं आणि पुढे "व इतर १० ते १५ अनोळखी इसम". तासाभरात दुसरी बाजू येते. तिची परस्परविरोधी फिर्याद, आणि तिच्यात पहिल्या संघाचा गोलकीपर. आठवड्याभरात फुटेजवरून आणखी चार नावं "निष्पन्न" होतात. यातला कोण हाणत होता, कोण सोडवत होता आणि कोण तेव्हा घरी जेवत होता, हे त्या रात्रीच्या कागदावरून कळत नाही. तपास त्यासाठीच असतो.

कलमांचंही तसंच. डोक्यावर मार आणि हातात दगड किंवा काठी असं फिर्यादीत आलं की खुनाच्या प्रयत्नाचं कलम लागायला वाव मिळतो. ते जुनं ३०७, आता भारतीय न्याय संहितेचं १०९, शिक्षा दहा वर्षांपर्यंत, आणि दुखापत झाली असेल तर जन्मठेपेपर्यंत. पुढे दवाखान्याचा जखमेचा दाखला येतो. जखम साधी निघाली तर तेच प्रकरण ११८(१) वर, म्हणजे तीन वर्षांपर्यंतच्या शिक्षेवर, किंवा ११५(२) वर, एका वर्षावर उतरू शकतं. उलटंही घडतं, जखमी दगावला तर कलम वाढतं. पहिल्या दिवसाचं कलम पाहून खेळाडूचा हंगाम ठरवणं म्हणजे नाणेफेकीवर सामन्याचा निकाल लावणं. आणि "गुन्हा दाखल झाला की बंदी" असा नियम एकदा जाहीर झाला, की अंतिम सामन्याच्या आदल्या रात्री समोरच्या संघाच्या स्ट्रायकरवर फिर्याद देणं हाच एक डाव होऊन बसेल. आपल्याकडे डोकी कमी नाहीत.

आता दुसरं उत्तर. शिक्षा होईपर्यंत माणूस निर्दोष, हे कायद्याचं तत्त्व आम्हाला पूर्ण मान्य आहे. पण ते तत्त्व सरकार आणि आरोपी यांच्यातलं आहे. तुरुंगात कुणाला टाकायचं ते त्यानं ठरतं, दहा नंबरची जर्सी कुणाला द्यायची ते नाही. सत्र न्यायालयातला खटला वर्षानुवर्षं चालतो आणि स्ट्रायकरचे पाय जेमतेम दहा वर्षं चालतात. निकालाची वाट पाहायची म्हटलं तर नियम लागू होईपर्यंत खेळाडू निवृत्त झालेला असेल. त्यातून फिर्यादी किंवा साक्षीदार समोरच्याच संघात असेल तर? जामिनाच्या आदेशात बहुतेक वेळा अट असते, साक्षीदाराशी संपर्क साधू नये, त्याच्यावर दबाव आणू नये. कॉर्नरच्या वेळी दोघं एकमेकांना खांद्यानं ढकलत उभे, हा संपर्क की खेळ? वकील वाद घालतील, पण साक्षीदाराला घरी जाऊन झोप लागणार नाही.

संघटनेची चौकशी आणि कोर्टाचा खटला हे दोन वेगळे रस्ते आहेत, हे आपल्या सर्वोच्च न्यायालयानं स्वच्छ सांगितलेलं आहे. कॅप्टन पॉल अँथनी विरुद्ध भारत गोल्ड माइन्स या १९९९ च्या निकालानुसार खात्याची चौकशी आणि फौजदारी खटला एकाच वेळी चालू शकतात, कारण दोन्हीकडे पुराव्याचा निकष वेगळा. तो निकाल नोकरीतल्या माणसाचा होता. खेळातलं उदाहरण हवं असेल तर क्रिकेटपटू श्रीसंतचं घ्या. २०१३ मध्ये स्पॉट फिक्सिंगच्या आरोपावरून अटक, त्याच वर्षी क्रिकेट बोर्डाची आजीव बंदी, २०१५ मध्ये दिल्लीच्या न्यायालयानं खटल्यातून मुक्त केलं. तरी बंदी उठली नाही. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं बोर्डाचा शिस्तभंगाचा अधिकार आणि त्याला दोषी धरणं कायम ठेवलं, पण आजीव शिक्षा जास्त झाली म्हणून फेरविचार करायला लावला. ती सात वर्षांवर आली आणि सप्टेंबर २०२० मध्ये संपली. त्या निकालातून आपण दोन गोष्टी उचलाव्यात. अधिकार तुमच्याकडे आहे, आणि तो प्रमाणात वापरावा लागतो.

इंग्लंडचा क्रिकेटपटू बेन स्टोक्स याचं प्रकरण आम्हाला जास्त उपयोगाचं वाटतं, कारण ते मारामारीचं आहे. सप्टेंबर २०१७ मध्ये ब्रिस्टलच्या रस्त्यावर हाणामारी, त्यापायी ॲशेस मालिका हुकली. जानेवारी २०१८ मध्ये आरोप ठेवले गेले आणि गंमत म्हणजे त्यानंतर त्याला संघात परत घेतलं. खटल्याच्या तारखांमुळे भारताविरुद्धची लॉर्ड्स कसोटी हुकली. १४ ऑगस्ट २०१८ ला निर्दोष सुटला. तरी डिसेंबरमध्ये शिस्तपालन आयोगानं खेळाची बदनामी केल्याबद्दल आठ सामन्यांची बंदी आणि तीस हजार पौंड दंड लावला. आधी हुकलेले सामने त्यात धरले, म्हणजे बंदी भोगून झालेली होती. आम्हाला यातली शेवटची वजाबाकी महत्त्वाची वाटते. थांबवलेला काळ पुढच्या शिक्षेतून वजा होईल, असं एक वाक्य आपल्या नियमात हवंच.

तर रेघ कुठे ओढायची? आमचं म्हणणं : नुसत्या गुन्हा नोंदीवर नाही, दोषारोपपत्रावर. तपास होतो, जबाब होतात, दाखले येतात, आणि मग पोलीस न्यायालयात दोषारोपपत्र देतात. त्यात नाव राहिलं का आणि कोणतं कलम राहिलं, हे पाहता येतं. शिक्षा सात वर्षांपेक्षा जास्त असलेलं कलम राहिलं असेल तर खेळाडू आपोआप थांबेल. सात वर्षांपर्यंतचं असेल तर तो खेळेल, समितीनं लेखी कारण देऊन थांबवलं नाही तर. सातचा आकडा हवेतला नाही. अर्नेश कुमार प्रकरणात २०१४ साली सर्वोच्च न्यायालयानं हीच रेघ धरून, सात वर्षांपर्यंतच्या गुन्ह्यात सरसकट अटक नको, आधी नोटीस द्या, असं बजावलं. पोलिसांना ती तोंडपाठ आहे. ऑस्ट्रेलियाच्या रग्बी लीगनं २०१९ मध्ये असाच नियम केला, तिथे रेघ अकरा वर्षांची, थांबणं आपोआप, पगार पूर्ण आणि "आम्ही तुला दोषी म्हणत नाही" हे नियमाच्या नावातच. पण त्या नियमाची दुसरी बाजूही पाहा. ज्या खेळाडूमुळे तो गाजला तो जॅक डी बेलिन २०१९ आणि २०२० असे दोन हंगाम पूर्ण बाहेर बसला. ज्युरीचं पूर्ण एकमत होईना, आणि २०२१ मध्ये उरलेले आरोप मागे घेतले गेले. दोन हंगाम परत मिळत नाहीत.

म्हणून थांबवण्याला मुदत हवी. दर तीन महिन्यांनी फेरआढावा, आणि बारा महिन्यांनंतर ओझं उलटं फिरेल : खेळाडू परत येईल, समितीनं लेखी कारण देऊन अडवलं नाही तर. कारण कसलं चालेल? मुख्य साक्षीदारांची साक्ष अजून झालेली नाही, जामिनाची अट मोडली, जामीन रद्द झाला, ही चालतील. "लोक काय म्हणतील" हे चालणार नाही. मुख्य साक्षी नोंदवून झाल्या की थांबवण्याचं निम्मं कारण संपलेलं असतं. खून आणि अल्पवयीनांवरचे लैंगिक गुन्हे यांत ही बारा महिन्यांची सवलत असावी का, यावर आमच्यातही एकमत झालं नाही. बहुमत "नसावी" या बाजूचं आहे.

दोषारोपपत्राआधी काहीच करायचं नाही, असंही नाही. जीव गेला असेल, लैंगिक गुन्हा असेल, पीडित अल्पवयीन असेल किंवा फिर्यादी-साक्षीदार त्याच स्पर्धेत खेळत असेल, तर समितीनं बाजू ऐकून तीस दिवसांसाठी थांबवावं. ते फार तर दोनदा वाढवता येईल, म्हणजे एकूण नव्वद. इथे एक गैरसमज सगळीकडे दिसतो. "साठ किंवा नव्वद दिवसांत दोषारोपपत्र येतंच" असं लोक धरून चालतात. ती मुदत आरोपी कोठडीत असेल तेव्हाची आहे. ती उलटली तर त्याला जामिनाचा हक्क मिळतो, एवढंच. आरोपी बाहेर असेल तर दोषारोपपत्र रेंगाळू शकतं. "दोषारोपपत्र येईपर्यंत थांबवलं" असा आदेश काढलात तर तो किती महिने चालेल हे कुणाच्याच हातात राहत नाही. आदेशावर तारीख घाला. नोकरदारांच्या निलंबनाबाबत अजयकुमार चौधरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं २०१५ मध्ये तीन महिन्यांची मर्यादा घातली, ती याच दुखण्यावर.

समिती तिघांची पुरे. निवृत्त न्यायिक अधिकारी किंवा फौजदारी वकील, एक माजी पंच, आणि एक स्त्री सदस्य जिला संस्थेच्या तक्रार समितीवर काम केल्याचा अनुभव आहे. तिघंही कुठल्याच तालमीशी बांधलेले नकोत. कोल्हापुरात पेठ नसलेला माणूस मिळणं अवघड, त्यामुळे एखादा सांगलीहून आणा, प्रवासखर्च द्या.

या समितीनं काय विचारू नये ते आधी शिकावं. "तू मारलंस का?" हा प्रश्न विचारायचाच नाही. राज्यघटनेच्या कलम २०(३) नं आरोपीला स्वतःविरुद्ध बोलायला भाग पाडता येत नाही, आणि पोलिसांसमोरचा कबुलीजबाब कोर्टात चालत नसला तरी तुमच्यासारख्या तिसऱ्या माणसासमोर दिलेला चालू शकतो. चांगल्या मनानं विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर सरकारी वकिलाच्या फाइलमध्ये जाऊन बसेल आणि समितीचे सदस्य साक्षीला बोलावले जातील. खेळाडूचा वकील त्याला गप्प बसायला सांगेल, ते बरोबरच आहे. त्या गप्प बसण्याचा अर्थ विरुद्ध लावायचा नाही. समितीनं फक्त कागद मागावेत : फिर्यादीची प्रत, जामिनाचा आदेश अटींसह, दोषारोपपत्र आलं असेल तर त्याची प्रत, पुढची तारीख. २०१६ पासून, संवेदनशील गुन्हे सोडले तर, फिर्यादी पोलिसांच्या संकेतस्थळावर टाकाव्या लागतात. खटला उभा राहिला की त्याला सोळा अक्षरी सीएनआर क्रमांक मिळतो. तो न्यायालयांच्या ई-कोर्ट्स संकेतस्थळावर टाकला की मागची-पुढची तारीख कुणालाही दिसते. कोण म्हणालं, कुणाच्या वकिलानं सांगितलं, यावर जायची गरज उरत नाही.

जामिनाच्या अटी मात्र शब्दन् शब्द वाचा. दर सोमवारी ठाण्यात हजेरी, जिल्हा सोडायचा नाही, अमुक हद्दीत यायचं नाही. बाहेरगावच्या स्पर्धेला न्यायचं तर कोर्टात अर्ज करून परवानगी घ्यावी लागते, आणि ती आदल्या दिवशी मिळत नाही. तडीपारीचा आदेश असलेला खेळाडू शहरात उतरला तर त्याला मैदानातूनच उचलतील, शिवाय तो नवा गुन्हा होईल. परदेशी खेळाडूच्या बाबतीत पासपोर्ट आणि व्हिसा आधी बघा, फुटबॉल मागाहून. चॅप्टर केस, म्हणजे पोलिसांची प्रतिबंधक कारवाई, आणि अदखलपात्र नोंद, ज्याला सगळे एनसी म्हणतात, यांवरून कुणालाही थांबवू नका. गणपतीच्या आधी प्रतिबंधक नोटिसा कुणाकुणाच्या घरी जातात ते तुम्हाला आम्ही सांगायला नको.

गुन्हा खोटा आहे असं खेळाडूला वाटत असेल तर तो रद्द करायला उच्च न्यायालयात अर्ज करायचा असतो. त्यासाठी मुंबईचे हेलपाटे होते. १८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरातच बसतं. "दाद मागायला परवडत नाही" ही सबब आता निम्मी झाली, आणि समितीनं फेरआढाव्यात तशी याचिका केली का, तिचं काय झालं, हे विचारायला हरकत नाही.

पैशाबद्दल स्पष्ट लिहा, कारण खरं भांडण इथेच होतं. थांबवलेल्या खेळाडूला निम्मं मानधन द्यावं. सरकारी नोकर निलंबित झाला तरी त्याला निर्वाह भत्ता मिळतो, आणि वर सांगितलेल्या पॉल अँथनी प्रकरणात तो भत्ताच न दिल्यामुळे चौकशी बाद ठरली. इंग्लंडच्या मँचेस्टर सिटी क्लबनं लैंगिक गुन्ह्यांचे आरोप असलेला आपला फुटबॉलपटू बेंजामिन मेंडी याचा पगार सप्टेंबर २०२१ पासून थांबवला. तो २०२३ मध्ये सगळ्या आरोपांतून सुटला, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये लवादानं थकलेल्या पगाराचा मोठा भाग द्यायला सांगितलं. कोठडीत असतानाचा काळ तेवढा वगळला. आपल्याकडेही तसाच भेद करा : कोठडीतल्या दिवसांचं मानधन नाही, तुम्ही थांबवलेल्या दिवसांचं निम्मं. अर्थात बोली तोंडीच झालेली असेल तर निम्मं कशाचं, हा प्रश्न उरतोच. नोंदणी अर्जाला एक पानी करार जोडा, आकडा आणि हप्ते लिहा. सराव मात्र बंद करू नका. तालमीचा आखाडा आणि सकाळचं मैदान बंद झालं की पोरगं कुठे बसतं, ते सगळ्यांना ठाऊक आहे.

आता संघांनी माहिती लपवू नये म्हणून काय करायचं? व्यवस्थापकानं गुन्हा कळल्यापासून ७२ तासांत संघटनेला लेखी कळवलं आणि पुढे खेळाडू थांबवला गेला, तर त्या जागी हंगामात एक जादा नोंदणी मिळावी. लपवलं आणि मागाहून उघड झालं तर ती नोंदणी नाही. थांबवलेला खेळाडू उतरवला तर सामना ०-३ नं गेला. थांबवलेल्यांची यादी सामन्याच्या आदल्या दिवशी संध्याकाळी सहापर्यंत लागेल, तीत फक्त नोंदणी क्रमांक असतील, कलम नसेल. लैंगिक गुन्ह्यात पीडितेची ओळख उघड करणं हा स्वतंत्र गुन्हा आहे, आणि गल्लीत खेळाडूचं नाव आणि कलम एकत्र दिसलं की तिची ओळख पटायला वेळ लागत नाही. किकऑफच्या दहा मिनिटं आधी टीम शीट हातात घेऊन "याच्यावर केस आहे, याला काढा" म्हणणाऱ्याचं पंचांनी ऐकायचं नाही. पंचाचं काम बूट, शिनगार्ड आणि ओळखपत्र बघण्याचं.

मैदानावर घडलेली हाणामारी यातून वेगळी ठेवा. तिथे तुमचाच पंच साक्षीदार आहे. रेड कार्ड, पंचाचा अहवाल चोवीस तासांत, चित्रफीत जपून ठेवणं, आणि शिस्तभंगाची शिक्षा आठवड्यात. त्यासाठी पोलिसांची वाट पाहायचं कारण नाही.

जामीन मिळाल्यावर चौकात लागणारे फलक, हार, हलगी, गाड्यांची रांग, हेही नियमात आणा. खेळाडूनं स्वतः त्यात भाग घेतला तर दोन सामने बाहेर. ऑलिंपिक पदकविजेता मल्ल सुशीलकुमारचं उदाहरण समोर आहे. २०२१ च्या मे मध्ये खुनाच्या गुन्ह्यात अटक झाली, कोठडी ४८ तासांपेक्षा जास्त झाल्यानं रेल्वेनं निलंबित केलं, मार्च २०२५ मध्ये जामीन मिळाला आणि ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो रद्द केला. हार घालणारे तेव्हा कुठे असतात?

जाता जाता कुस्तीबद्दल. खासबागेपासून गावोगावच्या यात्रेपर्यंत मैदानं भरतात, पण तिथे जोड संयोजक लावतो, इनाम तोच देतो आणि लीगसारखी हंगामाची नोंदणी नसते. त्यामुळे हा नियम तिकडे जसाच्या तसा लागणार नाही. पोस्टरवर नाव छापण्याआधी वस्तादाकडून लेखी घ्यावं, इतपत आज शक्य आहे.

आणि हा सगळा नियम पदाधिकाऱ्यांनाही लागू करा. कुस्ती महासंघाच्या तत्कालीन अध्यक्षांना बाजूला करावं म्हणून पदकविजेत्या मल्लांना जानेवारी २०२३ मध्ये जंतरमंतरवर बसावं लागलं. खेळाडूला दोषारोपपत्रावर थांबवणारी संघटना तेच कागद आपल्या खुर्चीखाली सरकवत असेल, तर पहिल्याच सुनावणीत खेळाडूचा वकील ते काढेल.

नोंदणी अर्जात जागा फार लागत नाही. तीन रकाने : गुन्हा रजिस्टर नंबर व ठाणे, सीएनआर क्रमांक, पुढची तारीख. खाली एक ओळ : "ही माहिती दिली म्हणून माझी नोंदणी नाकारली जाणार नाही, हे मला सांगण्यात आले आहे." त्याखाली खेळाडूची सही, अठराच्या आतला असेल तर पालकाची. ती ओळ अर्जावर नसेल तर तिन्ही रकाने कोरेच परत येतील.

कळावे,
फौजदारी वकिली, पंचगिरी आणि प्रशिक्षण या कामांतली आम्ही काही मंडळी
कोल्हापूर